सिलिका जेल आणि सिलिकॉन: मृगाआधी उरकायची दोन कामं, क्रमाने

एक पाणी ओढून घेतं, दुसरं पाणी अडवतं. नावं जवळची असल्यामुळे दुकानात ‘सिलिकॉनच्या पुड्या’ मागितल्या जातात आणि दोघांबद्दलचे गैरसमज एकमेकांत मिसळतात. बुटाच्या खोक्यातल्या पुडीत असतं ते सिलिका जेल, म्हणजे सच्छिद्र सिलिकॉन डायऑक्साइडचे कडक मणी. ओट्याच्या सांध्यात भरतात ते सिलिकॉन, रबरासारखं लवचिक पॉलिमर.

सिलिका जेलने वस्तू कोरड्या ठेवणं आणि सिलिकॉनने सांधे भरणं, या दोन्ही कामांची नागपुरातली योग्य वेळ एकच आहे, एप्रिल ते जूनचा पहिला आठवडा. पाऊस साधारण जूनच्या मध्यावर येतो. त्यानंतर सांधा नीट कोरडा मिळत नाही आणि आलमारीतले कागद, कपडे हवेतलं पाणी पिऊन बसलेले असतात. ऑगस्टमध्ये बुरशी दिसल्यावर पुड्या आणणं म्हणजे काम उलट्या टोकाकडून सुरू करणं.

## भाग पहिला: सिलिका जेल

### टप्पा १: पुडीत नेमकं काय आहे ते ओळखा

घरात साठवलेल्या सगळ्या पुड्या सिलिका जेलच्या नसतात. न फोडता, बोटांनी चाचपून आणि छापलेलं वाचून वेगळ्या करा.

- गोल, कडक, पारदर्शक किंवा दुधी मणी: सिलिका जेल.
- ओबडधोबड करडे खडे: बहुधा माती प्रकारचा शोषक. निरुपद्रवी, पण घरी पुन्हा वापरण्याच्या लायकीचा नाही.
- जड, बारीक भुकटी. लोहचुंबक लावला की पुडी चिकटते: लोखंडाची पूड. ही प्राणवायू शोषण्यासाठी असते आणि बेकरीच्या किंवा सुक्या खाऊच्या पाकिटात सापडते. ओलाव्यासाठी तिचा उपयोग नाही. पाकीट फोडल्यावर ती कोमट लागू शकते, ते स्वाभाविक आहे. मायक्रोवेव्हमध्ये चुकूनही ठेवू नका.
- पांढरी भुकटी किंवा खडे, आणि पुडी फुगलेली: कळीचा चुना असू शकतो. पाणी लागताच तो तापतो आणि डोळा, तोंड भाजतं.
- आलमारीत टांगायचे, खाली पाणी साठवणारे डबे: कॅल्शियम क्लोराइड. साठलेलं पाणी म्हणजे तीव्र क्षाराचा द्राव असतो. तो चामड्यावर सांडला तर चामडं आक्रसतं आणि लोखंडावर सांडला तर गंज धरतो.

रंगाकडेही लक्ष द्या. निळे मणी ओले झाले की गुलाबी होतात, कारण त्यांना कोबाल्ट क्लोराइड लावलेलं असतं. ते विषारी आहे, आणि त्याची धूळ श्वासात जाणं युरोपात कर्करोगाच्या धोक्याच्या यादीत आहे. नारिंगी मण्यांत कोबाल्ट नसतं, तरी त्यांत दुसरं रसायन असतंच. घरासाठी बिनरंगी पांढरे मणीच घ्या. भरले की नाही हे रंगाऐवजी वजनावरून कळतं, आणि ती पद्धत जास्त खात्रीची आहे. नागपुरातल्या इतवारीच्या बाजारात किंवा ऑनलाइन अर्धा-एक किलोचं सीलबंद पाकीट मिळतं. जुन्या पुड्या जमवून काही साधत नाही. त्यांत १ ते ५ ग्रॅमच माल असतो आणि घरी येईपर्यंत तो भरलेला असतो.

सावधान: ‘खाऊ नका’ असं छापलेलं असतं म्हणून पांढरे मणी विषारी ठरत नाहीत. मुलाने एखाद-दुसरा मणी गिळला तर तोंड धुऊन पाणी पाजा. खरा धोका घशात अडकून गुदमरण्याचा आहे, आणि लहान बाळ अख्खी पुडी तोंडात घालतं तेव्हा तो सर्वांत जास्त. श्वास अडकला, ओठ निळे पडले तर १०८ ला फोन करा आणि नागपुरात मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं किंवा जवळचं जे रुग्णालय असेल ते गाठा. निळे मणी, लोखंडाची पूड किंवा चुना पोटात गेला असेल तर उलटी करवू नका. पुडी सोबत घेऊन डॉक्टरकडे जा. दिल्लीच्या एम्समधल्या विषबाधा माहिती केंद्राचा विनामूल्य क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. डोळ्यात चुना गेला तर आधी कोरडे कण कापडाने टिपून घ्या, मग वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटं डोळा धुवा.

### टप्पा २: वस्तू आधी सुकवा, मग हिशोब करा

सगळ्यात जास्त चूक इथे होते, म्हणून आकडे नीट पाहा.

३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर एका घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी असतं. म्हणजे १० लिटरच्या बंद डब्यातल्या हवेत जेमतेम पाव ग्रॅम. ते शोषायला २ ग्रॅम मणी पुरे. पण डब्यात रिकामी हवा ठेवत नाही, तर कागद, कापड, चामडं ठेवतो. अशा दमट हवेत राहिलेल्या १ किलो कागदात १०० ग्रॅमच्या आसपास पाणी मुरलेलं असतं. डब्यातली आर्द्रता ५० टक्क्यांवर आणायची तर त्यातलं ३५-४० ग्रॅम बाहेर यावं लागतं. सिलिका जेल त्या आर्द्रतेला स्वतःच्या वजनाच्या २०-२५ टक्केच पाणी धरतं. म्हणजे एका किलोच्या फायलीला जवळपास पावणेदोनशे ग्रॅम मणी लागतील. तिथे आपण ५ ग्रॅमची पुडी टाकतो आणि दिवाळीला फाईल उघडल्यावर कुबट वास का येतो, असं विचारतो.

उपाय स्वस्त आहे. मे महिन्यात, दुपारी बाहेरची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असते, तेव्हा फायली, शालू, कॅमेऱ्याची बॅग दोन दिवस सावलीत, पंख्याखाली उघडी ठेवा. उन्हात नको, शाई आणि रंग उडतात. जुने, ठिसूळ कागद या दिवसांत घडी घालू नका, मोडतात. असं सुकवून बंद केलेल्या किलोभर कागदाला ५० ग्रॅम मणी चांगले पुरतात.

तपासा: वस्तू सुकवायची खोली कूलरची नसावी. कूलर चालू असलेल्या खोलीत भर मे महिन्यातही आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर सहज जाते. बाहेर ४५ अंशांची कोरडी झळ आणि आत आलमारीच्या मागच्या भिंतीला बुरशी, हे नागपुरातल्या कित्येक घरांत दिसतं. कॅमेरा, सतार, जमिनीची कागदपत्रं कूलरच्या झोतासमोरच्या भिंतीला ठेवू नका.

### टप्पा ३: डबा हवाबंद आहे का ते बघा

लोखंडी आलमारी हवाबंद नसते. तिच्यात ४०० लिटर हवा मावते असं धरलं, तर पावसाळ्यात दार एकदा सताड उघडलं की १० ग्रॅमच्या घरात पाणी आत येतं. ५० ग्रॅम मण्यांची सगळी ताकद तिथेच संपली. म्हणून आलमारीत पुड्या टाकू नका. आलमारीच्या आत रबरी पट्टीचा, कड्या लावायचा प्लास्टिकचा डबा ठेवा आणि मणी त्या डब्यात ठेवा.

डब्याची परीक्षा: आत कोरडा टिश्यू कागद ठेवा, झाकण लावा, नळाखाली चारी बाजूंनी फिरवा. कागद ओला झाला तर तो डबा बाद.

सोबत छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवायचा असेल तर आधी तो खरं बोलतो का हे बघा. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला. ते आणि मापक एका बंद डब्यात १०-१२ तास ठेवा. आकडा ७५ च्या आसपास यायला हवा. ७० दाखवत असेल तर त्या मापकात नेहमी ५ मिळवा.

### टप्पा ४: पुरचुंड्या शिवा

1. मणी चहाच्या गाळणीने चाळा. हे गॅलरीत, मास्क लावून करा. सिलिका जेलने दगडखाणीतल्या धुळीसारखा सिलिकोसिस होत नाही, तो स्फटिकी सिलिकाने होतो. पण बारीक धूळ नाक आणि घसा कोरडा करून खवखव आणतेच.
2. दाट विणीच्या सुती कापडाची, दुहेरी शिवणीची पिशवी करा. ५० ग्रॅम मण्यांना तळहाताएवढी पिशवी पुरते.
3. रिकामी पिशवी आणि भरलेली पिशवी दोन्हींचं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर करा. कोरड्या मण्यांचं वजन आणि तारीख पिशवीवर न पुसणाऱ्या शाईने लिहा. आकडा लिहिला नाही तर पुढचा टप्पा करता येत नाही.
4. पिशवी वस्तूला टेकवू नका. डब्याच्या कोपऱ्यात किंवा झाकणाला आतून बांधा.

कॅमेरा आणि लेन्सच्या डब्यात ४०-५० टक्के आर्द्रता हवी. ३० च्या खाली नेऊन फायदा नाही, रबर आणि वंगण सुकतं. चांदीच्या भांड्यांजवळ ठेवली तर काळं पडणं मंदावतं, थांबत नाही. श्रवणयंत्राच्या डबीत ठेवताना बॅटरी काढून ठेवा. पापड, कुरड्या, सरगुंड्यांच्या डब्यात मात्र घरी शिवलेली पिशवी नको. शिवण उसवली तर मणी वाटीत येतो आणि दातावर येतो. तिथे खाद्यपदार्थांसाठीची म्हणून विकतात तीच बंद पुडी ठेवा. नाहीतर कडक ऊन दाखवून, पूर्ण गार करून डबा भरा, तेवढ्यानेही भागतं.

भिजलेल्या मोबाईलची समजूत वेगळी काढून टाकायला हवी. पुडी आतलं पाणी ओढून काढत नाही. फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका, सिमचा खण काढून पंख्यासमोर ठेवा आणि दुरुस्तीला न्या.

### टप्पा ५: भरलेले मणी पुन्हा कोरडे करा

महिन्यातून एकदा पिशवी काट्यावर ठेवा. ५० ग्रॅमचे मणी ६० ग्रॅम भरले की ते बाहेर काढायची वेळ झाली.

1. मणी पिशवीतून काढा. कापडी किंवा कागदी पुडीसकट भट्टीत ठेवू नका. कागद करपतो आणि पातळ प्लास्टिकसारखी पुडी वितळते.
2. स्टीलच्या ताटात एक सेंटिमीटरचा थर पसरा. ओटीजी (घरातली छोटी विजेची भट्टी) १२० अंशांवर ठेवा. लहान ओटीजीचा काटा २० अंशांनी सहज चुकतो, म्हणून १५० च्या वर जाऊ नका.
3. दीड-दोन तास ठेवा. पहिल्या तासात दार दोनदा उघडून वाफ बाहेर सोडा, नाहीतर तीच आत फिरत राहते.
4. ताट काढून वजन करा, अर्धा तास पुन्हा ठेवा, पुन्हा वजन करा. दोन वजनं सारखी आली की काम झालं.
5. दहा मिनिटं निवू द्या आणि मणी अजून गरम असतानाच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा. उघड्यावर पूर्ण गार होऊ दिले तर पावसाळी हवेतलं पाणी पिऊन ते पुन्हा भरायला लागतात. दोन तासांची वीज वाया जाते ती इथेच. डबा गार होताना आतली हवा आकसते आणि झाकण घट्ट बसतं, हे चांगलं लक्षण समजा.

काय करू नये: कढईत, गॅसवर भाजू नका. तळाचे मणी २५० अंशांच्या वर जाऊन तडकतात आणि त्यांची शोषणशक्ती कायमची कमी होते, तर वरचे ओलेच राहतात. मायक्रोवेव्हमध्येही मणी असमान तापून फुटतात. मणी धुऊ नका. कोरडा मणी पाण्यात टाकला तर तो गरम होतो आणि टिक-टिक आवाज करत त्याचे तुकडे होतात. चार मणी वाटीत टाकून बघितले की ऐकू येतं. निळे मणी स्वयंपाकाच्या भट्टीत अजिबात नको.

ऊन चालतं का? मे महिन्यात गच्चीवर, तापलेल्या टिनावर, चालतं. ६५-७० अंशांचा टिन आणि कोरडी हवा असली की दोन दिवसांत बरंच पाणी निघतं. संध्याकाळ व्हायच्या आत डबाबंद करायचं, इतकंच. ऑगस्टमधलं ऊन कितीही कडक वाटलं तरी हवा ओली असते आणि मणी अर्धवटच सुकतात.

पांढरे मणी निकामी झाले तर सुक्या कचऱ्यात टाका. निळे मणी कुंडीत किंवा मोरीत टाकू नका. बाटलीत बंद करून घातक घरगुती कचरा म्हणून वेगळे द्या.

## भाग दुसरा: सिलिकॉनचा सांधा

### टप्पा ६: योग्य नळकांडं निवडा

पक्क्या सांध्याचं अर्धं काम दुकानातच होतं. सिलिकॉन सीलंट मुख्यतः दोन प्रकारचं मिळतं. वाळताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते ॲसेटिक, वास जवळपास येत नाही ते न्यूट्रल. ॲसेटिक काच आणि चकचकीत टाइल्सवर उत्तम बसतं. पण त्यातलं आम्ल संगमरवर आणि कोटा यांच्याशी अभिक्रिया करतं, जस्ती पत्रा आणि पितळ खातं, आरशाची पाठ काळी करतं. ग्रॅनाइटचा किंवा कडप्प्याचा ओटा, आरसा, कूलरची जस्ती टाकी, यांना न्यूट्रलच घ्या.

बाथरूमसाठी ‘सॅनिटरी’ लिहिलेलं घ्या, त्यात बुरशीनाशक असतं. त्याच कारणाने ते माशांच्या टाकीला किंवा पिण्याच्या पाण्याला चालत नाही.

तपासा: तयार केल्याची तारीख. साधारण वर्षभर माल टिकतो, आणि दुकानाच्या तापलेल्या माळ्यावर त्याहून कमी. जुनं सिलिकॉन आठवडा झाला तरी चिकट राहतं, ते काढून टाकण्याशिवाय इलाज नसतो.

गॅसच्या नळीची गळती, गिझरच्या आट्यांची गळती, गच्चीला गेलेली तडा आणि विजेचा बोर्ड, या चार ठिकाणी सिलिकॉन लावू नका.

### टप्पा ७: जुनं काढा, सुकवा

नवं सिलिकॉन जुन्या सिलिकॉनवर धरत नाही. ‘वरून एक थर मारून टाका’ हा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका. कटरने दोन्ही कडा कापा, पट्टी ओढून काढा, उरलेलं प्लास्टिकच्या खरवडणीने काढा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. साबणाने धुतलं असेल तर साध्या पाण्याने पुन्हा धुवा, साबणाचा थर राहिला की पकड जाते. मग ओट्याचा सांधा किमान २४ तास वापर बंद ठेवून सुकवा.

कूलरच्या टाकीचं थोडं वेगळं आहे. आधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. ताट्या (बाजूच्या, गवत भरलेल्या चौकटी) आणि पंप बाहेर घ्या. तळाला बसलेला पांढरा क्षार सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने मऊ करून खरवडा, कारण सिलिकॉन क्षाराला चिकटलं तर क्षारासकट निघून येतं. गंज पॉलिश कागदाने घासा. बोट दाबल्यावर पत्रा कुरकुरत असेल तर तो पत्रा बदलायला झाला आहे, सिलिकॉन त्याला वाचवणार नाही.

### टप्पा ८: भरा, एकदाच ओढा, थांबा

1. वेळ सकाळी सात-आठची किंवा सूर्य मावळल्यावरची. ४० अंशांच्या वर तापलेल्या पत्र्यावर पट्टी लावली तर तिच्यात बुडबुडे येतात.
2. सांध्याच्या दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप लावा. टेपमधलं अंतर ६ ते ८ मिलिमीटर.
3. नळीचं टोक तिरकं, ५ मिलिमीटर भोकाचं कापा. नळकांडं दाबायची गन ४५ अंशांत धरून सांध्यात ढकलत एका दमात भरा. २८० मिलिलिटरच्या नळकांड्यात ६ मिलिमीटर रुंद आणि तितकाच खोल सांधा सुमारे साडेसात मीटर होतो.
4. पाच मिनिटांच्या आत साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट किंवा आइसक्रीमची काडी एकदाच ओढा. पुन्हा पुन्हा फिरवलं की वरची साय फाटते. साबणाचं पाणी भरल्यानंतरच, सांध्यात आधी नको.
5. टेप लगेच, साय धरायच्या आत, बाहेरच्या बाजूला ओढून काढा.

सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, २४ तासांत साधारण २-३ मिलिमीटर. मे महिन्यातल्या सुक्या हवेत वरची साय लवकर धरते पण आतला भाग मागे राहतो. म्हणून खोलीत ओलं फडकं टांगून ठेवा, पट्टीला लागू देऊ नका. ओट्याला ४८ तास आणि कूलरच्या टाकीला ७२ तास पाणी दाखवू नका. मग नखाने कड दाबून बघा: खाच उमटून राहिली तर आणखी एक दिवस. टाकीत आधी चार बोटं पाणी भरून, खाली वर्तमानपत्र घालून रात्रभर ठेवा. कागद सकाळी कोरडा असेल तेव्हाच पंप बसवा.

सावधान: खिडकी उघडी ठेवा, दोन्ही प्रकारांत वाळताना बाष्प निघतं आणि डोळे चुरचुरतात. हाताला लागलेलं सिलिकॉन आधी कोरड्या कागदाने पुसा. पाणी लावलं की ते पसरतं.

### थोडं स्वयंपाकघरातल्या सिलिकॉनबद्दल

केकचे साचे, चमचे, झाकणं साधारण २०० अंशांपर्यंत चालतात. नेमकी मर्यादा वस्तूवर लिहिलेली असते. ओटीजीच्या तापलेल्या कांबीला किंवा गॅसच्या ज्योतीला टेकवू नका. साच्यात सुरी चालवू नका. नवा साचा गरम केल्यावर रबराचा उग्र वास येत असेल तर रिकामाच, खिडकी उघडी ठेवून, मर्यादेच्या आत तासभर तापवा. तरीही वास गेला नाही तर तो साचा खाण्यासाठी वापरू नका. कुकरची रिंग कडक झाली, तडकली किंवा शिटीऐवजी झाकणाच्या कडेने वाफ यायला लागली की त्याच कंपनीची, त्याच मापाची नवी घ्या. तिथे सीलंट भरायचं नाही.

उरलेल्या नळकांड्याच्या तोंडात दोन इंची स्क्रू घट्ट बसवा, वर टेप गुंडाळा, तारीख लिहा आणि घरातल्या सर्वांत गार, सावलीच्या खोलीत उभं ठेवा. पुढच्या वेळी स्क्रू ओढला की तोंडाशी घट्ट झालेली गुठळी सोबत निघते आणि मागचा मऊ माल वापरता येतो.